इतर

पन्हाळकर कुडाळहून आला तेव्हा भरती होती,
खाडीवरून वारा थेट दवाखान्यात.
त्याने माझा स्टेथोस्कोप अलगद बाजूला सारला
आणि लॅपटॉप उघडला,
सोनार मखमलीचं खोकं उघडतो तसा.

तीन प्रकार होते.
एक स्वस्त, त्यात बिलं निघत नाहीत.
एक महाग, त्यात बिलंच निघतात.
मधलं म्हणे माझ्यासाठीच केलंय,
"एकट्या डॉक्टरसाठी, मॅडम."
एकट्या हा शब्द त्याने असा उच्चारला
की पावलूने गोळ्या मोजणं थांबवून वर पाहिलं.

रेंज नसेल तर? मी विचारलं.
तो म्हणाला, सगळं ढगात राहतं.
मिठबावात ढगांचा भरवसा
आम्ही होडीवाल्यांना विचारून ठरवतो.
आणि रेंज मागच्या पायरीवर, रामफळाखाली,
तीही टॉवरला वीज असली तर.

पहिलाच रकाना जन्मतारखेचा. शेजारी चांदणी.
भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
बाकावर शेवंती मालंडकर बसली होती, तिलाच विचारलं.
"माका काय म्हायत गो बाय,
भिकूशेटचां गलबत बुडालां, त्या सालची मी."
पन्हाळकरने एक जानेवारी टाकली.
यंत्राचं समाधान झालं.
मग मोबाईल नंबर.
घरात सात माणसं, फोन एक,
आणि तो मासे विकणाऱ्या सुनेबरोबर देवगडच्या बाजारात.

त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

माझ्याकडे कार्डं आहेत, बावीस वर्षांची,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, वाडीवार.
कार्डावर बीपी, साखर, वजन,
आणि कोपऱ्यात, जे कुठलाच तपासनीस विचारत नाही:
मुलगा मस्कतला, दोन वर्षं फोन नाही.
गोळ्या शेजारणीला वाटते.
खोटं बोलतो, पण दारूबद्दल नाही.
हे ढगात ठेवायचं?

मग श्रावणातली ती दुपार.
शेवंतीचीच नात हर्षदा, ताप, घसा सुजलेला.
तिचं कार्ड दुसऱ्या कुणाच्या कार्डाला चिकटलं होतं,
वर बुरशीचा करडा नकाशा.
दिसलं तेवढं वाचलं, औषध लिहिलं,
पावलूने पुडी बांधली.
उंबऱ्यापाशी पोचल्यावर ती सहज वळून म्हणाली,
"ह्याच गोळयेन मागे माजा तोंड सुजला ना?"

रात्री सुरीच्या पात्याने कार्डं सोडवत बसले.
होतं. लिहिलेलं होतं.
तांबड्या शाईत, माझ्याच हाताने,
दोनदा रेघ मारून.
खारी हवा आधी तांबडं खाते,
बावीस वर्षं ती खात होती
आणि मी बघितलं नव्हतं.

पायरीवर जाऊन पन्हाळकरला फोन लावला.
मधलं नको, स्वस्त दे.
रेंज नसताना चालेल असं.
वीज गेली तर चार तास तग धरेल अशी बॅटरी.
अ‍ॅलर्जीचा रकाना सगळ्यात वर,
तो भरेपर्यंत मला औषध लिहूच देऊ नये त्याने.
"मॅडम, एवढं तर तिन्हीत आहे."
मी बराच वेळ काही बोलले नाही.
फोन कटला असं वाटून
तो हॅलो हॅलो करत राहिला.

आता पावलूची मुलगी ब्लॅन्श
कॉलेज सुटल्यावर येते, रोज चाळीस कार्डं चढवते.
काल म्हणाली, डॉक्टर, ह्याचं काय करू?
खोटं बोलतो, पण दारूबद्दल नाही.
ह्याला रकाना नाही.
सगळ्यात खाली एक आहे, 'इतर',
दोनशे अक्षरं मावतात.
घाल तिथे, म्हटलं.
आणि कुलूप लावता येतं का बघ.

डबे अजून तसेच आहेत, कपाटावर.
त्यांत आता तांदळाच्या पुरचुंड्या ठेवल्यात, दमट ओढायला.

हर्षदाचं नाव उघडलं की
पडद्यावर तांबडी पट्टी येते, भडक.
मी तरी तोंडाने विचारतेच,
कुठल्या गोळीने त्रास होतो गं?
"लिवलंस मां त्यात?"
लिहिलंय, म्हणते मी. तरी तू सांग.